डाकोटाला आपला रंग कधी?

सिम्युलेटर गेममध्ये जुनी विमानं रंगवणारी पोरं रिकामटेकडी नाहीत, हे आधीच सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२२ पासून डीसी-३, म्हणजे आपलं डाकोटा आहे. त्यावर डेक्कन एअरवेजचा रंग चढवा की! १९४५ साली निजाम सरकार आणि टाटांच्या भागीदारीत ही कंपनी निघाली. तेव्हा बीड निजामाच्याच राज्यात. १९५३ ला ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली.

निजामाचं म्हणून झाकायचं का? रझाकार विसरायचे नाहीतच, पण विमानानं काय घोडं मारलं?

फक्त रंग अंदाजानं मारू नका राव. जुने फोटो बहुतेक काळे-पांढरे. कुणाच्या घरी जुनं तिकीट, वेळापत्रक, टपालाचं पाकीट असेल तर रद्दीत घालण्याआधी स्कॅन करून पोरांना द्या.