आकड्यांना मराठी नावं हवीत

अलिबागहून मुरुडकडे निघालं की काशीद ओलांडल्यावर नांदगाव लागतं. पाचशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञ या गावचे. त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ.स. १५२०, हे आरंभवर्ष धरून रचलेला आहे आणि महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं त्यावरून होत राहिली. ज्या-चापाचं, म्हणजे त्रिकोणमितीचं, किचकट गणित त्यांनी वगळलं. दिवसांची मोजणी अकरा वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या चक्रांत बांधली, त्यामुळे पंचांगकर्त्याला अवाढव्य आकडा हाताळावाच लागत नाही. आजच्या संगणकयुगासाठी मात्र मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची आकडे सांगण्याची रीत. १४४२ ही संख्या ते द्वि, अब्धि, इंद्र अशा शब्दांत देतात. द्वि म्हणजे २, अब्धि म्हणजे समुद्र, ते ४, आणि इंद्र १४. उजवीकडून डावीकडे मांडत गेलं की १४४२ हाती येतात. अकरासाठी ईश, कारण रुद्र अकरा. बारासाठी रवि, कारण आदित्य बारा. ही भूतसंख्येची पद्धत त्यांच्याही आधी कितीतरी शतकं रुळलेली होती. पोथी पाठ करायची तर आकडा निसटतो आणि शब्द राहतो, हे त्या परंपरेने ओळखलं होतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हेच पुन्हा शोधावं लागलं. यंत्राला प्रत्येक गोष्टीची ओळख आकड्यानेच पटते, पण यंत्राशी काम करतो तो माणूस. इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्या अंकांवर नावं चढवणारी व्यवस्था आखली, म्हणून आज कुणालाही ते पत्ते पाठ करावे लागत नाहीत. प्रोग्रॅममधले बदल नोंदवणाऱ्या ‘गिट’मध्ये प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-अंकांची खूण मिळते, ती डोक्यात ठेवणं कुणालाच जमत नाही, म्हणून महत्त्वाच्या नोंदींवर नावाची चिठ्ठी लावतात. प्रोग्रॅम सुट्या डब्यांत चालवणारा ‘डॉकर’ तर नाव न दिलेल्या प्रत्येक डब्याला, म्हणजे कंटेनरला, आपणहून एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं नाव जोडून देतो. त्या यादीत आर्यभट, भास्कर आणि रामानुजनही आहेत. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिलं की तात्पुरत्या स्मृतीत सातेक तुकडेच मावतात. पण एक तुकडा केवढा असावा याला तशी मर्यादा नाही. सुटा अंक हा एक तुकडा, तसा ओळखीचा शब्दही एकच तुकडा. एका शब्दात तीन अंक बसवले की तेवढ्याच जागेत तिप्पट ऐवज राहतो.

माझं म्हणणं असं की मराठी माणसाला रोज हाताळाव्या लागणाऱ्या लांबलचक क्रमांकांना, म्हणजे अर्ज, तक्रार, दाखला, पावती यांच्या क्रमांकांना, मराठी शब्दांची जोडनावं मिळाली पाहिजेत आणि ती शिस्तीने बांधलेली हवीत. शिस्त म्हणजे दोन गोष्टी. पहिली, नावावरून आकडा नेमका परत मिळाला पाहिजे. दुसरी, चूक झाली तर नावानेच ती दाखवली पाहिजे. श्लोकात एका शब्दाच्या जागी वेगळ्या मात्रांचा शब्द पडला की वृत्त मोडतं आणि कानाला लगेच कळतं. पॅट्रिक जुओला आणि फिलिप झिमरमन यांनी १९९५ साली फोनवरून गुप्तखुणा पडताळण्यासाठी शब्दयाद्या बनवल्या, तेव्हा तेच तत्त्व वापरलं: एका आड एक शब्द दोन उच्चारखंडांचा आणि तीन उच्चारखंडांचा, म्हणजे मधला शब्द गळला किंवा जागा उलटल्या की ठेका चुकतो. बिटकॉइनच्या चाव्यांसाठी २०१३ साली २०४८ शब्दांची यादी ठरली. तिच्यात कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, आणि शेवटच्या शब्दात तपासणीचा भाग दडलेला असतो. या यादीच्या जपानी, कोरियन, झेकसकट अनेक भाषांतल्या आवृत्त्या तिच्या मूळ संग्रहात आहेत. भूतसंख्येच्या देशातली एकही भाषा त्यात नाही. मला ही उणीव लाजिरवाणी वाटते.

नाव कुठल्याही भाषेतलं असलं तरी काय बिघडलं, असं कुणी विचारील. रायगडच्या किनाऱ्याने याचं उत्तर वादळांतून पाहिलं आहे. समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन ‘डिप्रेशन’ झाला की त्याला हवामान खात्याच्या दप्तरी क्रमांक मिळतो. तो चक्रीवादळ झाला की नाव मिळतं. नाव इंग्रजी लिपीत जास्तीत जास्त आठ अक्षरांचं असावं आणि उच्चाराला सोपं असावं, असा नियमच आहे. नोव्हेंबर २००९ मधलं ‘फयान’ आणि ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ ही नावं बंदरांवर सहज रुळली. ‘निसर्ग’ बांगलादेशाने सुचवलेलं, पण मराठीच वाटावं असं. मे २०२१ मध्ये म्यानमारने सुचवलेलं नाव आलं आणि मराठी वर्तमानपत्रांत तेच वादळ तौक्ते, ताउते, तौते असं तीन तऱ्हांनी छापलं गेलं. फयानही मराठी नाही, पण ते तोंडात बसतं. म्हणजे शब्दाचं कूळ दुय्यम. ऐकणाऱ्याच्या कानाला आणि लिहिणाऱ्याच्या हाताला तो एकाच रूपात सापडला पाहिजे, हे महत्त्वाचं. निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद होते. अशा वेळी पंचनाम्याचा किंवा अर्जाचा क्रमांक एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून कागदावर असाच जातो.

क्रमांक कॉपी करून पेस्ट करता येतो, मग पाठांतर कशाला, या आक्षेपाचं उत्तर इथेच मिळतं: तोंडी सांगायची वेळ संपलेली नाही, आणि ज्याच्या हातात स्मार्टफोन सराईत नाही त्याच्यासाठी तर ती रोजचीच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शब्द संदिग्ध असतात. भूतसंख्येतच समुद्र बहुधा चार, पण सप्तसागर धरले तर सात. हा दोष खराच, आणि टीकाकारांना संदर्भावरून अर्थ लावावा लागला आहे. पण तो दोष ठरलेली यादी नसल्याचा. एका शब्दाला एकच क्रमांक असं एकदा जाहीर केलं की सागर कायम एकच राहतो. तिसरा आक्षेप असा की आकडा सर्वांचा, मराठी नाव फक्त मराठी माणसाचं. मदतकक्षात परप्रांतीय कर्मचारी असला तर? आकडा काढून टाकायचाच नाही, तो पावतीवर नावाखाली छापायचा. गुजराती किंवा कन्नड यादीत त्याच क्रमांकावर त्यांचा शब्द असू शकेल. मात्र आधार क्रमांकासारख्या जपून ठेवायच्या आकड्यांना ही सोय लावू नये. जे सहज लक्षात राहतं, ते सहज दुसऱ्याच्या कानावरही पडतं.

काम अवघड आहे ते यादी निवडण्याचं. २०४८ शब्द असले तर चार शब्दांत तेरा अंकी कोणतीही संख्या मावते. पण ते शब्द नुसते कोशातून उचलून चालणार नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा फक्त ऱ्हस्व-दीर्घाने वेगळ्या होणाऱ्या जोड्या वगळाव्या लागतील. आगरी-कोळी बोलण्यात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. तो उच्चार चुकीचा ठरवण्यापेक्षा त्यामुळे गोंधळणारे शब्द यादीत न घेणं शहाणपणाचं. दिसायला सारखी पण संगणकात वेगवेगळ्या तऱ्हेने साठवली जाणारी जोडाक्षरं टाळावीत. होडी, मीठ, नारळ, विळा, पाऊस असे घरादारातले, आठ वर्षांच्या मुलालाही ठाऊक असलेले शब्द हवेत. जातिवाचक किंवा कुणाला टोचणारा शब्द चुकूनही नको, कारण यंत्र शब्दांच्या जोड्या जुळवताना विचार करत नाही.

हे काम एकट्या प्रोग्रॅमरचं नाही आणि एकट्या भाषातज्ज्ञाचंही नाही. राज्य मराठी विकास संस्थेने पुढाकार घ्यावा, अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरावं, आणि यादी कुणालाही फुकट वापरता येईल अशी खुली करावी. पहिली चाचणी मुरुड, श्रीवर्धन, अलिबागच्या बंदरांवर घ्या: एकाने वाऱ्यात उभं राहून फोनवर चार शब्द सांगायचे, दुसऱ्याने कागदावर उतरवायचे. जो शब्द तिथे चुकीचा ऐकू येईल, तो यादीतून काढा.