लखोबा लक्षात राहतो, बायका राहत नाहीत

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने 'तो मी नव्हेच'मधला कोर्टाचा भाग बसवला. सोसायटी पिंपरी-चिंचवडची नेहमीचीच. निम्मी चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी, निम्मी माझ्यासारखी हिंजवडीत कीबोर्ड बडवणारी. पाऊण तासाचा मजकूर वीस मिनिटांत बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (कोड कापतोस ना, मग नाटकही काप!)

मी सरळ हिशोब केला. लोक कोणाला हसतात? लखोबाला. म्हणून त्याचं सगळं ठेवलं आणि फसवलेल्या बायकांच्या साक्षी दोन-दोन वाक्यांवर आणल्या. तालमीत एक वहिनी, ज्या चाकणला क्वालिटीत आहेत, म्हणाल्या, "भाऊजी, तो नाही म्हणतोय ते कळलं. पण कशाला नाही म्हणतोय ते कुठाय?"

मी हसून विषय टाळला. प्रयोग झाला, टाळ्याही मिळाल्या. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी एका रविवारी नाटक पुन्हा नीट वाचलं.

माधव काझी नावाच्या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावरून अत्र्यांना हे नाटक सुचलं. १९६२ साली मो. ग. रांगणेकरांनी ते रंगमंचावर आणलं. प्रभाकर पणशीकरांचा निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे, त्याची ती वेगवेगळी सोंगं, आणि मराठी रंगभूमीला तेव्हा नवा असलेला फिरता रंगमंच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मंडळी, तो रंगमंच फिरतो कशामुळे? साक्षीदार पिंजऱ्यात येते, बोलायला लागते, रंगमंच फिरतो आणि तिच्यासोबत काय घडलं ते आपल्याला दिसतं. पुन्हा फिरतो, की परत कोर्ट. म्हणजे नाटकाचं इंजिन साक्षीत आहे! बायकांनी काही सांगितलंच नाही, तर लखोबाला नाकारायला काही उरतच नाही. आमच्या प्रयोगात नेमकं तेच झालं होतं. इंजिन काढून मी नुसता हॉर्न ठेवला होता :)

आता एक परीक्षा घ्या. लखोबाची सोंगं आठवा. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज... भराभर आठवतील. आता त्याने फसवलेल्या बायकांची नावं सांगा बरं. अडखळलात ना?

यात अत्र्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. त्यांनी साक्षी व्यवस्थित लिहिल्यात. विसरतो आपण. भामट्याची हुशारी आपल्याला गंमत वाटते आणि फसलेल्या बाईला मात्र आपण मनात विचारतो, "एवढं कसं कळलं नाही हिला?"

हाच प्रश्न पुढे १९६७ साली तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये उलटा करून मांडला. तिथेही कोर्ट, तेही वेळ घालवायला केलेलं खोटं. सुरुवातीला आपण मजेत हसत असतो. हळूहळू लक्षात येतं, की पिंजऱ्यात बेणारेबाई उभ्या आहेत आणि त्यांना दिवस गेलेत ते प्राध्यापक दामले नाटकभर फिरकतच नाहीत. लखोबाला निदान कोर्टात येऊन नाकारावं तरी लागतं. दामल्यांना तेवढेही कष्ट नाहीत!

कोणी म्हणेल, जुन्या काळच्या गोष्टी झाल्या. खरंच? आपला हा पट्टा बाहेरगावाहून आलेल्यांचा. मुलगा कोणाचा, गावात काय प्रतिष्ठा, हे सांगणारे मामा-काका इथे नसतात. स्थळं फोनवर येतात, एका माणसाचे पाच लॉगिन असू शकतात. निपाणीच्या लखोबाला वेश बदलावा लागे, आता फोटो बदलला की भागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९व्या कलमात, फसवून ठेवलेल्या शरीरसंबंधांना दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यातल्या फसवणुकीत 'ओळख लपवून लग्न करणं' हेही स्पष्ट धरलं आहे. कायद्यानेच लखोबाला नेमकं ओळखलं म्हणायचं.

पण कलम कितीही कडक असो, आधी कोणीतरी उठून साक्ष द्यावी लागते. आणि साक्ष द्यायची तर समोरचे हसणार नाहीत, एवढी तरी खात्री हवी. लग्नात फसवली गेलेली बाई तक्रार करायला का कचरते, याचं उत्तर बऱ्याचदा पोलीस चौकीच्या कितीतरी आधी, आपल्या घराच्या हॉलमध्ये सापडतं.

म्हणून विनोदी नाटक करूच नये असं मुळीच नाही. लखोबावर पोट धरून हसावं. फक्त त्याच्या हजरजबाबीपणाला टाळी देताना समोरच्या पिंजऱ्यातली बाई काय सांगत होती, तेही ऐकलेलं असावं.

असो. संत तुकारामनगरात अत्र्यांच्याच नावाचं रंगमंदिर आहे. तिथून जाताना आताशा जरा ओशाळल्यासारखं होतं. यंदा तोच भाग पुन्हा करायचा घाट आहे, पूर्ण साक्षींसह. वेळ वाढला तर आरती अर्धा तास उशिरा करू. आणि गेल्या वर्षी बायकांची वाक्यं कापणारा कोण, असं वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलंच, तर मला 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय नाही.