पत आणि पांढरी मोटार

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता विष्णुपुरीपाशी येतो. गोदावरीवरील प्रकल्पामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु आज त्या परिसराला महत्त्व आले आहे ते तेथील शिक्षणसंस्थांमुळे. १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा तीन मोठ्या संस्था तेथे आहेत. संस्था आल्या की खरेदी आली आणि खरेदी आली की फिरतीवरचे व्यावसायिकही आले. उपकरणांचे विक्रेते, बांधकामाचे कंत्राटदार, पुस्तकांचे आणि औषधांचे प्रतिनिधी यांची या रस्त्यावर बारमाही वर्दळ असते.

या प्रवाशांत दोन वर्ग दुरूनच ओळखू येतात. पहिला पांढऱ्या, उंच, भल्यामोठ्या मोटारीतून उतरतो. त्याचे कपडेही पांढरे आणि कडक इस्त्रीचे असतात. दुसरा मोटारसायकलवरून येतो. पारा बेचाळीस अंशांवर गेलेल्या मे महिन्यातही त्याच्या गळ्यात टाय आणि पायांत चकचकीत बूट असतात. आपल्याकडील कोणत्याही मोठ्या कचेरीच्या फाटकाशी घटकाभर उभे राहावे : पहिल्याला कोणी अडवीत नाही आणि दुसऱ्याला नाव, गाव, काम विचारल्यावाचून कोणी आत सोडीत नाही. मोटारीची आणि कपड्यांची ही आवड ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल काय?

वस्तुतः हौसेला वाव फार उशिरा मिळाला. स्वातंत्र्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ व्यापाऱ्यापुढे निवड होती ती मुख्यतः अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट या दोन गाड्यांची. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्या काळचा शिरस्ता होता. मोटार कोणती हा प्रश्न गौण होता. मोटार आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीयाच्या अंगणात मोटार उभी राहण्याची शक्यता निर्माण झाली. नेमकी तेथूनच मोठ्या व्यापाऱ्याची पंचाईत सुरू झाली. जे मास्तराला परवडते त्याने शेटजींची प्रतिष्ठा कशी राखली जाणार? १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९४ मध्ये सुमो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. प्रत्येक टप्प्यावर गाडीची उंची वाढली आणि तिच्याबरोबर मालकाच्या मोठेपणाचे मापही.

या निवडीमागे व्यवहार अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठवाड्यातील रस्ते, लांबचे पल्ले, बरोबर घ्यावयाची माणसे आणि नमुन्यांची खोकी यांचा विचार करता भक्कम गाडी लागते. उन्हाच्या प्रदेशात पांढरा रंग शहाणपणाचाच आहे. कपड्यांचेही तसेच. एके काळी आडतीच्या दुकानातला व्यापारी धोतर, कोट आणि टोपीत बसे. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचे भोंगे ऐकत वाढलेल्या पिढीला सुती कापडाची पारख होती. नंतर टेरिकॉट आले, सफारी आली, आणि गिरणी बंद पडलेल्या याच शहरात आज बाहेरगावच्या नाममुद्रेचा शर्ट मोठेपणाची खूण ठरला आहे. गरजेपुरता खर्च कोठे संपतो आणि देखाव्याचा खर्च कोठे सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये ‘दिखाऊ उपभोगा’ची कल्पना मांडली : श्रीमंती असून भागत नाही, ती दिसावी लागते. दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असे दाखविले, की जेथे समोरच्याची खरी योग्यता कळण्यास मार्ग नसतो, तेथे माणसे महागड्या खुणांवरून ती अजमावतात. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावे. कारण ‘पत’ या एकाच शब्दात आपण अब्रू आणि उधार मिळविण्याची ऐपत हे दोन्ही अर्थ बसविले आहेत. ज्या बाजारात पत तपासण्याची साधने तोकडी असतात, तेथे मोटार हाच जामीन होतो आणि कपडे हीच ओळखपत्रे होतात.

पण खूण खरी असते कधी? ती उसनी आणता येत नसेल तेव्हाच. आज मोटार हप्त्यावर मिळते, दिवसाच्या भाड्यानेही मिळते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीझ मोटारी एकदम खरेदी केल्या. सुमारे पासष्ट कोटी रुपयांचा हा व्यवहार देशभर गाजला. त्याचा उद्देश मागासलेपणाचा शिक्का पुसावा असा सांगितला गेला, आणि त्या अभिमानात काही गैर नव्हते. परंतु त्यातील बराचसा पैसा बँकेच्या कर्जाचा होता, आणि त्याच प्रदेशातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून चढ्या दराने व्याज भरावे लागते, याकडे त्या वेळी जाणकारांनी लक्ष वेधले होते. पत ज्याच्याजवळ दिसते त्याला स्वस्त कर्ज आणि ज्याला तिची निकड असते त्याला महाग, असा हा उफराटा न्याय आहे.

या देखाव्याचा भार कोण उचलतो हेही पाहिले पाहिजे. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीचा घसारा, इंधन आणि चालकाचा पगार हे सारे व्यापारी आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करू शकतो. राहिलेला खर्च मालाच्या किमतीत मिसळतो आणि ग्राहकाच्या माथी येतो. फिरतीवरच्या पगारी प्रतिनिधीला मात्र टाय, बूट आणि इस्त्री यांसाठी सहसा स्वतःच्याच खिशात हात घालावा लागतो. १९७६ साली केंद्र सरकारने विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करून नेमणूकपत्राची आणि रजेची सोय केली. पण उन्हात टाय बांधण्याच्या सक्तीविरुद्ध कोणत्या कायद्याकडे दाद मागायची? पदवी घेऊन नोकरीच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याची पहिली उधारी पुष्कळदा मुलाखतीच्या पोशाखासाठी होते, ही गोष्ट त्याच्या घरच्यांना चांगली माहीत असते.

याहून मोठे नुकसान पुढेच आहे. खुणेवर भरवसा ठेवण्याची सवय लागली, की खोटी खूण मिरविणाऱ्याचे फावते. दामदुपटीची आमिषे दाखविणारे लोक गावात पायी येत नाहीत. ते मोटारीतून येतात, टाय लावून येतात, आणि त्यांची पहिली बैठक शिक्षक व कारकून यांच्या वसाहतीत भरते, कारण नियमित पगार आणि निवृत्तीची पुंजी तेथेच असते. अशा फसवणुकींमुळेच राज्याला ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा करावा लागला. शेतीतही वेगळे काय घडते? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वेष्टनाचा झगमगाट उगवणशक्तीची हमी देत नाही, हा धडा शेतकऱ्याने एक हंगाम मोजून घेतला. प्रामाणिक व्यावसायिकाला देखावा हा दंड वाटतो. लबाडाला मात्र तेच भांडवल असते.

यावर उपाय साधेपणाच्या उपदेशाने होणार नाही. साधेपणासुद्धा मिरविता येतो, हे खादीच्या इतिहासाने पुरेसे दाखविले आहे. उपाय संस्थांच्या वागणुकीत आहे. जपान सरकारने २००५ साली उन्हाळ्यात कोट व टाय वगळण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा टायची सक्ती वरूनच सुटली आणि खालच्यांना मोकळा श्वास घेता आला. आपल्याकडेही कनिष्ठ न्यायालयांत वकिलांना उन्हाळ्यात काळा कोट बंधनकारक नाही. न्यायाची प्रतिष्ठा त्यामुळे घटलेली दिसत नाही. कंपन्यांनी विदर्भ-मराठवाड्यातील प्रतिनिधींना ही मुभा का देऊ नये? कचेऱ्यांनी येणाऱ्याला मोटारीच्या क्रमाने न भेटता वेळेच्या क्रमाने भेटावे. खरेदी समित्यांनी पूर्वीच्या पुरवठ्याचा दाखला आणि दुरुस्तीची हमी आधी मागावी.

आणि पगारदाराने, शेतकऱ्याने? ठेव मागणाऱ्या संस्थेला तशी परवानगी आहे काय, हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ पासून ‘सचेत’ हे संकेतस्थळ चालविले आहे. बियाण्याच्या पिशवीवर गट क्रमांक असतो, दुकानदाराने पक्की पावती देणे त्याचे कर्तव्य असते. ही साधने रूक्ष आहेत, त्यांना मोटारीसारखी झळाळी नाही. पण ती भाड्याने आणता येत नाहीत, हाच त्यांचा गुण.

पांढरी मोटार ज्याला परवडते त्याने ती खुशाल घ्यावी. इस्त्रीचे कपडे घालणे हा गुन्हा नव्हे. मात्र तिच्या दाराचा आवाज ऐकून खुर्चीतून उठण्याची आपली सवय आपल्यालाच महाग पडते आहे. पत माणसाच्या व्यवहारात शोधावी लागते. ती रस्त्यावर शोधणाऱ्या समाजाला मोटारींचा तोटा कधी पडणार नाही. विश्वासाचा मात्र पडेल.