निकालपत्र आपणही वाचले पाहिजे



कायदा हा वकिलांचा विषय, आपला नव्हे, अशी आपणांपैकी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत घातक आहे.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांस शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडून दिले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती काय, हा त्यांचा सवाल होता. निकाल बदलला नाही. परंतु वर्गातील विद्या लोकांत आली, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

म्हणून विद्वानांस आमचे सांगणे आहे की, निकालांची चिकित्सा लोकांच्या भाषेत लिहा. आणि आपणांस सांगणे हे की, असे लेखन घरात मोठ्याने वाचा, लेकींना ऐकवा. जो निकाल आपणांस कळत नाही, त्यास आपण जाब कसा विचारणार?