गव्हाणीची खूण

डिसेंबरचा अखेरचा आठवडा आला की मंडई आणि बोहरी आळीच्या परिसरातील दुकानांवर कागदी चांदण्या झुलू लागतात. त्या विकणारा ख्रिस्ती असतोच असे नाही, आणि विकत घेणाराही असतोच असे नाही. यात वावगे काही नाही. शेजाऱ्याच्या सणाची शोभा आपल्या दारी लावावी, ही मनाच्या मोकळेपणाचीच खूण आहे. तथापि नाताळ ज्यांच्या श्रद्धेचा विषय आहे, त्यांच्या दृष्टीने या दिवसाचे मर्म चांदणीत नसून एका घोषणेत आहे. ती घोषणा कोणाला झाली आणि तिची कोणती खूण सांगितली गेली, याचा विचार ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर अशा दोघांनीही करण्याजोगा आहे.

हा वृत्तांत लूकच्या शुभवर्तमानात आला आहे. सम्राट औगुस्ताच्या आज्ञेने नावनोंदणी चालू असताना योसेफ आणि मरिया बेथलेहेमला आली. उतरण्याच्या ठिकाणी जागा नसल्यामुळे नवजात बालकाला गव्हाणीत निजवावे लागले. त्याच रात्री रानात मेंढरे राखीत जागणाऱ्या मेंढपाळांपुढे देवदूत प्रकट झाला. भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्माला आला आहे, आणि हा आनंद सर्व लोकांसाठी आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. खूण म्हणून त्याने ना राजवाडा सांगितला, ना सिंहासन. कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले एक तान्हे मूल, एवढीच ती खूण होती.

या घोषणेचे धाडस कळण्यासाठी तिचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. आशिया मायनरमधील प्रिएने या नगरात इ. स. पूर्व ९ या वर्षाचा एक शिलालेख सापडला आहे. औगुस्ताचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तेचा आरंभ होय, असे त्यात म्हटले आहे. 'शुभवर्तमान' हे ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आहे, तोच शब्द तेथे योजलेला आहे. म्हणजे तारणारा कोण आणि शुभवार्ता कोणती, हे ठरविण्याचा मक्ता तेव्हा साम्राज्याकडे होता. लूकने हे दोन्ही शब्द सम्राटाकडून काढून घेतले आणि एका निराश्रित कुटुंबाच्या बालकाला दिले. श्रद्धावंताच्या लेखी नाताळचा पहिला अर्थ हा आहे: परमेश्वर माणसाच्या भेटीस आला, तो सत्तेच्या महाद्वारातून आला नाही.

ही गोष्ट मराठी मनाला परकी वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांपर्यंत ख्रिस्तजन्माची कथा त्यांच्याच छंदात पोहोचली. गव्हाण म्हणजे काय, हे तर येथल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वैरणीचा वास आणि जनावरांची ऊब त्याच्या रोजच्या जगण्यातली आहे. इतरत्र जे चित्र कल्पनेने उभे करावे लागते, ते त्याच्या घरामागच्या गोठ्यातच असते.

परंतु घोषणा भाषेत उतरली म्हणून जगण्यात उतरतेच असे नाही. मंडईची इमारत १८८६ साली खुली झाली. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालयही त्याच दशकात उभे राहिले. याच मिशनमध्ये १८९० साली पुण्यातील नामवंतांपुढे चहा ठेवला गेला आणि त्यावरून ग्रामण्य माजले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. 'सर्व लोकांसाठी' या शब्दांची किंमत किती मोठी असते, हे एका पेल्याने पुण्याला दाखवून दिले. मात्र यावरून केवळ सनातन्यांना बोल लावून ख्रिस्ती समाजाला मोकळे होता येणार नाही. पूर्वाश्रमीच्या जातीची आठवण सोयरीक जुळविताना अनेक ख्रिस्ती घरांतही जागी होते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्या जन्माची वार्ता सर्वांसाठी म्हणून दिली गेली, त्याच्याच नावाने जमणाऱ्या मंडळीत पंक्तिभेद उरत असेल, तर ती वार्ता अद्याप नीट ऐकली गेली नाही असेच म्हणावे लागेल.

वार्ता प्रथम ज्यांना दिली गेली, ते त्या रात्री कामावर होते, हेही विसरून चालणार नाही. त्यांना कोणी देवळात बोलावले नव्हते. जेथे ते राबत होते तेथेच निरोप आला. ते जाऊन बालकाला पाहून आले, पाहिलेले इतरांना सांगितले आणि स्तुती करीत माघारी फिरले. त्यांची मेंढरे तीच राहिली, थंडीही तीच राहिली. बदलले ते एवढेच की आपण कोणाच्या तरी खिजगणतीत आहोत, हे त्यांना कळले. आज घाऊक भाजीबाजार मंडईतून गुलटेकडीला गेला असला, तरी गावोगावचा माल पहाटेपूर्वी उतरवून घेणारे हमाल, रात्रपाळीच्या परिचारिका आणि वॉचमन हे या शहराचे रात्री जागणारे लोक आहेत. नाताळच्या मध्यरात्री घंटा वाजतात, तेव्हाही ते कामावरच असतात.

म्हणून श्रद्धावंताने या दिवशी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. देवालयातील सजविलेल्या गव्हाणीपुढे आपण गुडघे टेकतो. पण ज्यांना आजही उतरायला जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी आपल्या घरात आणि आपल्या मंडळीत जागा आहे काय? देवदूताने खूण स्पष्ट सांगितली होती. ती सोडून अन्यत्र शोध घेणाऱ्याला रोषणाई पुष्कळ दिसेल. बालक मात्र सापडणार नाही.