पडद्यावरचा प्राध्यापक आणि रिकामी खुर्ची

ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी बोलताना आपल्याकडे दोन पवित्रे ठरून गेलेले आहेत. एका पक्षाच्या मते ज्ञानगंगा आता घरोघरी पोहोचली असून तिला विरोध करणारे शिक्षक केवळ आपल्या नोकरीच्या काळजीने ग्रासलेले आहेत. दुसरा पक्ष गुरुकुलापासून सुरुवात करतो आणि गुरुशिष्यपरंपरेच्या आठवणीतच रमून जातो. हे दोन्ही पवित्रे मूळ प्रश्नाला बगल देतात. पडदा कोणाच्या वाट्याला यावा आणि शिक्षक कोणाच्या, हे कोण ठरवते, हा तो प्रश्न आहे.

अमेरिकेत हा प्रश्न २०१३ साली उघडपणे विचारला गेला. हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा ‘जस्टिस’ हा न्यायविषयक अभ्यासक्रम एडएक्सच्या मंचावर उपलब्ध झाला होता. तो आपल्या वर्गांत वापरावा, ही सूचना कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने नाकारली आणि सँडेल यांनाच अनावृत पत्र लिहिले. पत्राचा आशय असा की, अशाने विद्यापीठांचे दोन वर्ग पडतील : सधन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना हाडामांसाचा प्राध्यापक मिळेल, उरलेल्यांना त्याचे चित्रीकरण. शिवाय न्यायाची एकच मांडणी देशभर पाहिली जाणे, हेच मुळी तत्त्वज्ञानाच्या स्वभावाविरुद्ध आहे. आपली व्याख्याने इतरत्रच्या सहकाऱ्यांना दुबळे करण्यासाठी वापरली जावीत अशी आपली मुळीच इच्छा नाही, असे सँडेल यांनी उत्तरात स्पष्ट केले. व्याख्यानांच्या दर्जाविषयी वाद नव्हताच. ती कोणाच्या जागी बसवली जाणार, याविषयी तो होता.

आता आपल्याकडे पाहू. ‘स्वयम्’ हा मंच २०१७ साली सुरू झाला. त्याआधीच, २०१६ च्या नियमावलीने, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावरील अभ्यासक्रमांना एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत वाव दिला होता. २०२१ साली ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली गेली. आकड्यापेक्षा बोलकी आहे ती नियमावलीतील एक तरतूद. असे अभ्यासक्रम स्वीकारताना लक्षात घेण्याच्या बाबींमध्ये ‘योग्य अध्यापक उपलब्ध नसणे’ हीही एक बाब नमूद आहे. वरवर ही सोय वाटते. परंतु जिथे पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जिवावर विभाग चालतात, तिथे या सोयीचा अर्थ बदलतो. आधी जागा रिकामी ठेवायची आणि मग ती रिकामी आहे म्हणून पडदा लावायचा, हा मार्ग त्यातून खुला होतो. ज्याने टंचाई निर्माण केली, त्यालाच तिच्यावर इलाज केल्याचे श्रेय मिळते.

साहित्याच्या वर्गात या व्यवहाराची किंमत सर्वाधिक पडते. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे, आणि तरीही तिच्या अर्थाविषयी मराठी समीक्षेत झालेली चर्चा कित्येक पटींनी मोठी आहे. चित्रित व्याख्यान त्या चर्चेचा उत्तम गोषवारा देऊ शकेल, हे निर्विवाद. परंतु त्याखाली ‘कवितेचा प्रधान भाव कोणता?’ असा बहुपर्यायी प्रश्न आला, की ज्या विद्यार्थिनीला चारही पर्यायांत न बसणारे काही जाणवले आहे, तिने काय करावे? वर्गात ती ते अडखळत सांगते, कोणीतरी हरकत घेते, शिक्षक तिला पुन्हा कवितेकडे पाठवतो आणि प्रसंगी स्वतःचे मतही तपासून पाहतो. साहित्याचे अध्यापन याच देवघेवीत घडते. ती वगळली की उरते ती माहिती. आणि माहितीसाठी गाइडे आधीपासून आहेतच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ज्यांना महाविद्यालय गाठणेच शक्य नाही त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हेच काम हाती घेतले, आणि आज आंतरजालाने ते अधिक सुकर केले आहे. परंतु ज्याच्यासाठी दार बंद होते त्याला खिडकी उघडून देणे वेगळे, आणि दारातून आत आलेल्याला खिडकीकडे बोट दाखवणे वेगळे. पहिल्यात शिक्षणाचा विस्तार आहे, तर दुसऱ्यात निव्वळ काटकसर.

तेव्हा अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या साहित्याच्या प्राध्यापकांनी निदान एवढे तरी करावे. उत्तम ऑनलाइन व्याख्याने ग्रंथाप्रमाणे संदर्भ म्हणून अवश्य नेमावीत. मात्र एखादा अभ्यासक्रम पडद्यावर सोपवण्याचा प्रस्ताव आला, तर त्या विषयाचे पद मंजूर आहे काय, ते केव्हापासून रिक्त आहे आणि ते भरण्यासाठी काय केले गेले, याची नोंद इतिवृत्तात करण्याचा आग्रह धरावा. उत्तर मिळेपर्यंत संमती देऊ नये. ज्या विभागांत आज हा प्रश्न विचारला जाणार नाही, तिथे उद्या तो विचारायला कोणी उरलेले नसेल.