समुद्राला मिळणारे पाणी 'वाया' जाते काय?

शाळकरी मुलाच्या पाटीला दोऱ्याने बांधलेला किंवा कचेरीतील टेबलावर तिकिटे ओली करण्यासाठी ठेवलेला तुकडा, एवढीच स्पंजाची ओळख असणाऱ्यांना स्पंज हे मुळात एका सागरी प्राण्याचे नाव आहे, हे सहसा खरे वाटत नाही. हातपाय, डोळे, तोंड, हृदय यांपैकी काहीही नसलेला हा जीव समुद्रतळाला चिकटून जन्म काढतो. त्याचा उद्योग एकच. अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत ओढावयाचे, त्यातील जीवाणू व सूक्ष्म वनस्पती अन्न म्हणून ठेवून घ्यावयाच्या आणि गाळलेले पाणी बाहेर सोडावयाचे. एका दिवसात तो स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळू शकतो. अशा क्षुद्र प्राण्याची दखल नियोजनकारांनी का घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील फ्लोरिडा उपसागराने दिलेले आहे.

हा उपसागर उथळ आहे. त्याच्या तळावर समुद्रगवताची विस्तीर्ण कुरणे आहेत आणि या कुरणांत व त्यांच्यामधील खडकाळ तळावर स्पंजांची वस्ती असते. त्यांतील काही जाती मीटरभर रुंद होतात. काटेरी शेवंडांची पिले त्यांच्या आडोशाला वाढतात, तर लहान कोळंबीच्या काही जाती त्यांच्या पोकळ्यांत घर करतात. थोडक्यात, स्पंज हा या पाण्याचा गाळणारा तर खराच, पण घरमालकही आहे.

उपसागराला गोडे पाणी मिळे ते उत्तरेकडील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशातून. १९४७ सालच्या महापुरानंतर, १९४८ मध्ये, पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्प मंजूर झाला. कालवे व बांध उभे राहिले, शहरे व शेते सुरक्षित झाली, परंतु दक्षिणेकडे जाणारे पुष्कळसे पाणी अन्यत्र वळले. १९८७ मध्ये उपसागरातील समुद्रगवत अकस्मात मरू लागले. सुमारे ४,००० हेक्टरवरील गवत समूळ नष्ट झाले आणि आणखी २३,००० हेक्टरला कमीअधिक झळ पोहोचली. अवर्षण, उष्णता व रोग यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गोड्या पाण्याचा ओघ आटलेला असल्याने खारटपणा वाढला आणि या आघातांपुढे टिकण्याची शक्ती कुरणांत उरली नाही, हेही तितकेच खरे.

पुढची घटना अधिक बोधप्रद आहे. कुजलेल्या गवतातील पोषकद्रव्ये पाण्यात उतरली, तळातील गाळ मोकळा झाला आणि १९९१ पासून नीलहरित शैवालांचे दाट थर पसरले. त्यांच्याखाली स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले. जे प्राणी हे शैवाल गाळून पाणी निर्मळ ठेवीत, तेच गेल्यावर पुढच्या शैवालाला आळा घालणारा कोण? शेवंडांच्या पिलांचा आसरा गेला. कोळंबीच्या नांग्यांच्या कटकटाटाने गजबजलेला तळ मुका झाला. गवत व स्पंज यांपैकी एकावर ओढवलेले संकट दुसऱ्याला चुकले नाही. २०१५ मध्ये पुन्हा अवर्षण पडले आणि गवत पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेले.

चूक उमगली तेव्हा तिची किंमतही कळली. २००० साली अमेरिकन काँग्रेसने एव्हरग्लेड्सच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. तिचा मूळ अंदाज सुमारे ७.८ अब्ज डॉलरचा होता, आणि पुढे तो कितीतरी वाढला. स्पंजांचे तुकडे तळावर लावून त्यांची वस्ती पुन्हा वाढविण्याचे प्रयत्नही शास्त्रज्ञांनी चालविले आहेत. निसर्ग जे काम फुकट करीत होता, ते आता खजिन्यातून पैसा ओतून करावे लागत आहे.

महाराष्ट्राने या कथेकडे परक्याची कथा म्हणून पाहू नये. कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी 'समुद्रात वाया जाते', तेव्हा ते गोदावरी खोऱ्यात वळवावे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि ती भागविणे हे शासनाचे कर्तव्यच होय. कोकणची खाडी म्हणजे फ्लोरिडाचा उपसागर नव्हे, हेही उघड आहे. परंतु 'वाया' हा शब्द उच्चारण्यापूर्वी खाड्यांना, त्यांतील मासळीला व तीवरांना कोणत्या ऋतूत किती गोडे पाणी लागते, याचा हिशेब मांडला गेला पाहिजे. तो हिशेब आधी जाहीर व्हावा आणि मगच पाणी किती वळवावयाचे ते ठरावे. फ्लोरिडात हाच क्रम उलटा झाला होता. तेथील गवताला व स्पंजांना तक्रारअर्ज करता येत नव्हता आणि कोकणच्या खाड्यांनाही तो करता येत नाही. म्हणूनच त्यांचा विचार माणसांनी वेळेवर करावयाचा असतो.